अडकलेली एकशे सत्त्याऐंशी वाक्यं

इचलकरंजीच्या मालनबाई बुगड यांचा आवाज रोज दुपारी पावणेपाचच्या सुमारास बंद पडत होता, आणि शनिवारपर्यंत तो दुरुस्त झाला नाही तर कायमचा परत घेतला जाणार होता. आवाज परत घेणं म्हणजे काय, ते आधी सांगते.

मालनबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डोकं शाबूत राहिलं, डोक्यातले शब्दही शाबूत राहिले, पण जीभ आणि घसा ऐकेनासे झाले. उजवा हात लुळा पडला, त्यामुळे लिहून दाखवायचीही सोय उरली नाही. अशा माणसांसाठी आमच्या कंपनीने बोलपट्टी काढली आहे; मराठीत सध्या तिची चाचणी चालू आहे. बोलायचं मनात आलं की मेंदू घशाच्या स्नायूंना विजेचा निरोप धाडतो. स्नायू दुबळे असले तरी क्षीणसा निरोप पोचतोच. गळ्याभोवतीची मऊ पट्टी तो टिपते, फोनमधलं ॲप त्यावरून शब्द ओळखतं आणि माणसाच्या वतीने बोलतं. आवाजही त्याच माणसाचा असतो. मालनबाईंचा आम्ही त्यांच्या सुनेच्या फोनमधल्या जुन्या व्हॉइस मेसेजेसवरून तयार केला होता, म्हणून तो जरा खेकसणाराच झाला होता. घरच्यांचं म्हणणं, अगदी हुबेहूब जमलाय.

ॲपला एखाद्या शब्दाबद्दल शंका आली, किंवा कुणाचं नाव आलं, तर ते आधी कानात हळूच विचारतं. अंगठ्यातल्या कड्यावर एकदा दाबलं की ‘बोल’, दोनदा दाबलं की ‘टाकून दे’. आणि काहीच दाबलं नाही तर? तर थांबायचं. आजाऱ्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, तर यंत्राने त्याचा शब्द परस्पर बोलायचाही नाही आणि गिळायचाही नाही. ॲप बंद पडून पुन्हा चालू झालं तरी राहिलेली वाक्यं आठवणीने परत आणायची. फक्त पहाटे चार्जिंगला असताना पाटी कोरी करायची. हा नियम मी स्वतः मीटिंगमध्ये भांडून घालून घेतला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

मी हेमांगी कुडाळकर, वय चोपन्न, मुक्काम पुणे. सध्या एक्केचाळीस साल चालू आहे आणि आमच्या ऑफिसात हाताने कोड लिहिणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. कोड यंत्रं लिहितात, यंत्रंच तपासतात. मला ठेवलंय ते हीप डम्प वाचायला.

ॲप चालू असताना फोनच्या मेमरीत हजारो वस्तू मांडलेल्या असतात: शब्द, आवाज, चित्रं, याद्या. एका क्षणी त्या सगळ्यांचा जो फोटो काढतात तो हीप डम्प. त्यात कुठली वस्तू किती जागा अडवून बसली आहे ते दिसतंच, पण तिला कुणी धरून ठेवलंय तेही दिसतं, आणि खरी गंमत तिथे असते. कारण फोनमध्ये साफसफाई करणारा एक भाग असतो, आणि कुणीतरी धरून ठेवलेल्या वस्तूला तो हात लावत नाही. पंगतीत माणूस उठल्याशिवाय पत्रावळ उचलत नाहीत, तसंच. सगळेच बसून राहिले की नवी पंगत बसवायला जागा उरत नाही आणि ॲप कोसळतं.

आमच्याकडे डम्प तपासणारं एक यंत्र आहे. आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो. मालनबाईंचा डम्प त्याने तीन सेकंदांत वाचला आणि निकाल दिला: गळती नाही, सर्व वस्तू रास्त कारणाने धरलेल्या आहेत, रुग्णाचा फोन अपुरा आहे, पट्टी परत घ्यावी. नियमाला धरूनच होतं ते. संकटात जिच्या भरवशावर हाक मारायची ती पट्टी तीन आठवडे रोज बंद पडत असेल, तर ती गळ्यात ठेवणं धोक्याचं.

माझा साहेब निनाद पोफळे माझ्यापेक्षा तेवीस वर्षांनी लहान आहे आणि वयाच्या मानाने समजूतदार आहे. “हेमांगीताई, डॉक्टरने सांगितलंय ना, मग कशाला डोळे फोडून घेता?” असं तो म्हणाला. मी म्हटलं, डोळे माझे आहेत, फोडू दे.

मंगळवारचा अख्खा दिवस डम्प चाळला. रुग्णांचे शब्द आम्हाला दिसत नाहीत, दिसूही नयेत. प्रत्येक शब्दाच्या जागी नुसता एक आकडा असतो. सोमवारी दुपारी चार बावन्नला मालनबाईंच्या फोनमध्ये एकशे त्र्याण्णव वाक्यं होकाराची वाट बघत अडकली होती. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला स्नायूंचं लांबलचक रेकॉर्डिंग, म्हणून मेमरी तुडुंब भरलेली. इथवर डॉक्टरला दिसलंच होतं. पण ती वाक्यं कोणत्या शब्दापाशी अडकलीत ते मी एकेक करून पाहिलं. एकशे त्र्याण्णवपैकी एकशे सत्त्याऐंशी एकाच शब्दापाशी अडकली होती. शब्द क्रमांक सात हजार त्रेचाळीस.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. चोपन्नाव्या वर्षी माणसाला असा आनंद क्वचित होतो. एक बाई दिवसातून एकशे सत्त्याऐंशी वेळा एकच शब्द बोलायला जाते आणि प्रत्येक वेळी तो ना स्वीकारते ना नाकारते. का? तो शब्द उच्चारताना पट्टी काहीतरी चूक करत असणार, असं माझ्या इंजिनिअर डोक्याने ताबडतोब ठरवून टाकलं. शब्द कळायला मात्र त्यांनाच विचारायला हवं होतं. बुधवारी पहाटे मी इचलकरंजीची बस धरली.

बुगडांचं घर यंत्रमागांच्या शेडमागच्या गल्लीत. खडखडाट इतका की दारातली घंटा कुणाला ऐकू जाण्यातली नव्हती. सून ऋतुजाने दार उघडलं. आत खाटेवर मालनबाई बसल्या होत्या. वय सहासष्ट, ओठांची एक बाजू उतरलेली, डोळे मात्र कुणाचीही उलटतपासणी घेतील असे.

“पुण्यासनं आलायसा न्हवं? बसा की,” असं फोनने खेकसून मला सांगितलं.

मी लॅपटॉप उघडून त्यांच्या फोनला जोडला. पडद्यावर अडकलेल्या वाक्यांचा आकडा होता एक्याण्णव. अजून दुपारचे बाराही वाजले नव्हते. पाच-दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. शेजारणीचं काय, पाण्याचं काय, सगळं ठणठणीत चाललं होतं. मग मालनबाई काहीतरी सांगायला लागल्या, “काल कामावरनं आल्यावर”, आणि मध्येच थांबल्या. हनुवटी उचलून त्यांनी गल्लीच्या दिशेने खूण केली. आकडा ब्याण्णव झाला.

“मामांचं म्हणत्यात,” ऋतुजा सहज म्हणाली.

मला काही उमगलं नाही. मी मालनबाईंना विचारलं की आत्ता कानात यंत्राने कोणता शब्द विचारला. त्या अर्ध्या ओठांनी हसल्या आणि डाव्या हाताने पदर ओढून तोंडावर घेतला. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मान फिरवली. मी तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात ऋतुजालाच माझी दया आली.

“मॅडम, तुमी तुमच्या मिस्टरांना काय म्हणून हाक मारता?”

मी म्हटलं, प्रसाद.

“आत्यांनी पंचेचाळीस वर्सांत मामांचं नाव एकदा बी तोंडातनं काढलेलं न्हाई. ‘हे’ म्हणत्यात. नायतर नुसतं ‘अवो’.” तिकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ लाजही वाटली. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही ॲपमध्ये ‘स्पष्ट नाव’ नावाची सोय घातली होती. शहरातल्या रुग्णांच्या घरच्यांची तक्रार असायची की ‘तो आला होता’ म्हणजे कोण आला होता ते कळत नाही. म्हणून यंत्राला आम्ही शिकवलं की तो, ती, हे, असं काही आलं की कुणाबद्दल चाललंय ते ओळखायचं आणि थेट नाव सुचवायचं. सगळ्यांना ते फार आवडलं. इथे मालनबाई मनात ‘हे’ म्हणायच्या आणि यंत्र हुशारी करून कानात विचारायचं, ‘आण्णाप्पा?’ एकदा दाबावं तर नवऱ्याचं नाव आपल्या आवाजात चारचौघांत जाणार. दोनदा दाबावं तर नवऱ्याचं नाव आपल्याच हाताने टाकून द्यायचं. कोणती बाई असं करेल? त्या काहीच दाबत नव्हत्या. वाक्य तिथेच अडकत होतं. मनातल्या मनात पुटपुटलेलंही पट्टी टिपते, त्यामुळे एकटीने भाजी निवडताना निघालेला विषयसुद्धा फोनमध्ये साठत होता.

एवढं कळल्यावर माणसाने दोन मिनिटं गप्प बसून विचार करावा की नाही? पण तिथल्या तिथे दुरुस्ती करून दाखवायची मला हौस. उत्तर आलं नाही तर वीस सेकंदांनी शब्द आपोआप टाकून द्यायचा, असा बदल मी फोनमध्ये चढवला आणि मालनबाईंना म्हटलं, आता बोलून बघा. त्या बोलायला गेल्या. यंत्र कानात विचारून थांबलं. वीस सेकंद झाले आणि त्यांच्या कानात शब्द पडले: ‘आण्णाप्पा. रद्द.’

मालनबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी डाव्या हाताने पट्टी ओरबाडून काढली, फळीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांचा हात कपाळावरच्या कुंकवाशी गेलेला मी पाहिला. मला स्वतःचा इतका राग आला की लॅपटॉप गल्लीत भिरकावून द्यावासा वाटला. तीस वर्षं मी लोकांच्या फोनमधली प्रत्येक वस्तू कुणी धरलीय ते शोधते आहे, आणि समोर बसलेल्या बाईने काय धरून ठेवलंय ते मला दिसलं नव्हतं.

मी तो बदल काढून टाकला. मग खाटेपाशी खाली बसले आणि माझी चूक झाली म्हणून सांगितलं. यंत्राला रीतभात मीच शिकवायला हवी होती, ती शिकवली नाही, यात त्यांचं काही चुकलेलं नाही, हेही सांगितलं. मालनबाई वळल्या नाहीत, पण ऐकत होत्या.

बाहेर ओट्यावर येऊन मी निनादला फोन लावला. ‘हे’ म्हटलं की ‘हे’च बोलायचं, नाव सुचवायचं नाही, एवढाच बदल मला हवा होता. तो कुरकुरला. ‘स्पष्ट नाव’ ही आमची सगळ्यात वाखाणलेली सोय. एका रुग्णासाठी तिला हात कसा लावायचा? मी त्याला म्हटलं की एक रुग्ण आहे की किती, ते आधी बघ. मराठीच्या चाचणीत साठ माणसं आहेत. त्यातल्या साठीपुढच्या लग्न झालेल्या बायका काढ आणि त्यांचे डम्प उघड.

दहा मिनिटं फोनवर नुसता त्याच्या टायपिंगचा आवाज येत होता.

“ताई, अकराजणी आहेत. नऊजणींचं असंच आहे, एकाच शब्दापाशी ढीग,” निनाद म्हणाला. “आणि त्यातल्या चौघींच्या पट्ट्या आपण गेल्या आठवड्यात परत आणल्यात. फोन अपुरा म्हणून.”

त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, बदल करा, वर मी बघतो, आणि त्या चौघींकडे उद्याच माणूस पाठवतो. पोरगा समजूतदार आहे हे मी आधी म्हटलंच आहे.

बदलाला चार मिनिटं लागली. मालनबाईंना पट्टी पुन्हा घालायला तयार करणं मात्र माझ्या हातातलं काम नव्हतं. स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता ऋतुजाने मला उरलेली गोष्ट सांगितली. मामा बहात्तर वर्षांचे, यंत्रमागांचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मागाचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे सांगणारे म्हणून अजून शेडवाले त्यांना सोडत नाहीत. सकाळी पट्टी चार्जिंगवरून निघायच्या आत ते घर सोडतात आणि साडेपाचला परत येतात. तोवर पट्टी बंद पडलेली असते. तीन आठवड्यांपूर्वी नवरा-बायकोत कसलंसं भांडण झालं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून आत्या संध्याकाळच्या गप्प. पट्टीच बंद पडते असं ऋतुजाने मामांना दहादा सांगून पाहिलं. ते म्हणाले, सगळ्या गल्लीशी बोलताना बंद पडत नाही, बरोबर मी आलो की बंद पडते होय? आता सुट्टीच्या दिवशीही ते घरी थांबत नव्हते. पट्टी परत द्यायच्या कागदावर आजच संध्याकाळी सही करणार होते.

मी कप खाली ठेवला. तीन आठवडे ही बाई रोज सकाळपासून नवऱ्याबद्दल बोलत होती, आणि त्या बोलण्यानेच फोन भरून नवरा घरी यायच्या वेळेला बंद पडत होता. इतकी दुष्ट गळती मी आजवर पाहिली नव्हती.

मी खाटेपाशी परत गेले. मालनबाईंना म्हटलं की आता यंत्र नाव विचारणार नाही, टाकणारही नाही, एकदा विश्वास टाकून बघा. मग त्यांनी मान पुढे केली आणि ऋतुजाने पट्टी बांधली.

“हे आज न्याहारी न करता गेल्यात,” फोन म्हणाला.

ऋतुजाने डोळ्यांना पदर लावला. तीन आठवड्यांत ‘हे’ असलेलं सासूचं पहिलं अख्खं वाक्य तिच्या कानावर पडलं होतं. माझं लक्ष पडद्यावर. नवीन वाक्य अडकलं नव्हतं. मग मालनबाई सुटल्याच. हे असं करतात, ह्यांचा गुडघा, ह्यांचा हट्ट, ह्यांना तिखट चालत नाही तरी खातात. मी अर्धा तास ऐकत होते आणि मला कंटाळा आला नाही.

पण एक गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय करता येणार नव्हती. डम्प रुग्णाच्या मालकीचा असतो. त्यातला नुसता आकडासुद्धा घरच्यांना सांगायचा तर रुग्णाला विचारावं लागतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: अडकलेल्या वाक्यांपैकी एकशे सत्त्याऐंशी कुणाच्या नावापाशी अडकली होती, आणि ते मी त्यांच्या मालकांना सांगू का.

मालनबाईंचा फोन खेकसला. “सांगा. पर लई कौतुक करू नगा, डोस्क्यावर बसत्याल.”

पावणेपाच वाजले, पाच वाजले, आवाज चालू होता. साडेपाचला आण्णाप्पा आले. उंच, वाकलेले, भुवयांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले, आणि जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे साधं बोलणंही ओरडून. मला पाहून त्यांनी ओळखलं. कुठे सही करायची ते दाखवा, ते म्हणाले, मी मोकळा होतो आणि तीही मोकळी होते. मालनबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या मुद्दाम गप्प बसल्या होत्या. मला आधी बोलू द्यायचं त्यांनी ठरवलं असावं.

मी आण्णाप्पांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्या परीने समजावलं. एकेक वाक्य कसं अडकलं, फोन कसा भरला, दुपार कलताना कसा बंद पडला. बिघाडाची गोष्ट म्हटल्यावर त्यांनी नीट कान दिला. शेवटी मी आकडा सांगितला.

“एकशे सत्त्याऐंशी,” ते म्हणाले. “किती दिसांत?”

एका दिवसात, मी म्हटलं. सोमवारी. सकाळी आठपासून पाचपर्यंत.

मग त्यांनी विचारलं, “त्यात शिव्या किती?”

शब्द आम्हाला दिसत नाहीत, मी सांगितलं. त्या वाक्यांत काय होतं ते फक्त मालनबाईंना ठाऊक. ती वाक्यं त्यांच्याबद्दल होती, एवढंच मोजता येतं.

आण्णाप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडेच बघत, पण माझ्यासाठी नाही अशा रीतीने, भांडणाची गोष्ट सांगितली. मालनबाईंनी त्यांना आता शेडवर जाणं सोडा म्हणून धारेवर धरलं होतं. ते चिडले होते.

“मी म्हनलो, गप हुतीस त्येच बरं हुतं. आनि दुसऱ्या दिसापासनं गपच झाली. मला वाटलं, माज्या शब्दावर झाली. आता काय तोंडानं बोल म्हनू?”

गल्लीतले माग चालूच होते. मालनबाईंच्या गळ्यातली पट्टी किंचित हलली आणि उशाशी ठेवलेला फोन बोलला.

“अवो. तीन आठवडं गप हुते. बरं वाटलं का?”

आण्णाप्पा दचकले. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग तीन आठवड्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. जन्मभर ओरडून बोललेला माणूस इतक्या हळू बोलला की शेजारी बसून मलाही धड ऐकू आलं नाही.

“काय?” फोनने विचारलं.

“न्हाई वाटलं,” आण्णाप्पा म्हणाले, आणि या खेपेला ते मागांच्या खडखडाटातून अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.